बायांचा रोज २५० आणि गड्यांचा ५००, मी एकट्याने वाढवला तर चालेल का?

तापीकाठ_कापूसवाला
१७ ऑगस्ट, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. चोपडा तालुक्यात पाच एकर कापूस आहे ठिबकवर, दोन एकर दादर ज्वारीला ठेवतो. प्रश्न शेतीचा म्हटला तर आहे नाही म्हटला तर नाही, जरा मोठं लिहितोय, सांभाळून घ्या.

परवा १५ ऑगस्टला पोरीच्या शाळेत झेंड्याला गेलो होतो. सातवीत आहे, संविधानाची उद्देशिका वाचायचं काम तिच्याकडे होतं, आठ दिवस घरात तेच चालू, भाकरी खाताना पण "दर्जाची व संधीची समानता" आणि झोपताना पण तेच. मस्त वाचली, एकदा पण अडखळली नाही. मग ग्रामपंचायतीपुढे झेंडा झाला. आमच्याकडे सरपंच बाई आहेत, दोरी त्यांनी ओढली आणि भाषण त्यांच्या मिस्टरांनी ठोकलं, चांगलं वीस मिनिटं, विषय महिला सक्षमीकरण. बाई मागे खुर्चीवर पदर सांभाळत बसलेल्या. कोणाला काही वाटलं नाही, खरं सांगायचं तर मला पण नाही, जिलेबीचा पुडा घेऊन घरी आलो.

दुसऱ्या दिवशी माझ्याकडे निंदणी होती. मधे पाऊस धरून बसला होता तर तण असं माजलं की पऱ्हाटी दिसेना. बारा बाया आणि दोन गडी सांगितले होते. पोरगी पण आली शेतात, सुट्टी होती. संध्याकाळी बांधावर पैसे वाटायला बसलो, ती वहीत लिहीत होती, बाई २५०, बाई २५०, गडी ५००. मग विचारते पप्पा हे दोन काका तर दुपारीच गेले ना? आता ते सकाळी आठला आले, खताच्या गोण्या टाकल्या, फवाऱ्याचे बारा पंप मारले आणि दीडला घरी, आमच्याकडे गड्याचा रोज तेवढ्यात भरतो, सगळीकडे असंच आहे. बाया साडेदहाला आल्या आणि साडेपाचला उठल्या, मधे अर्धा तास भाकरीला. मी म्हटलं गड्याचं काम जड असतं बेटा. ती बोटं मोजायला लागली, पाच तास, सहा तास, मग वहीकडे बघितलं. मी म्हटलं चल उशीर होतोय, गाडीवर बस.

तेव्हापासून डोक्यातून जात नाही. रात्री हिशोब केला. निंदणीला एकरी आठ बाया धरा, पाच एकराला चाळीस रोज, हंगामात दोन निंदण्या म्हणजे ऐंशी. बाईमागे १०० वाढवले तर ८००० जास्त जातात. मरणार नाही मी ८००० ने. पण गावात रोज कोणी एकटा ठरवत नाही, पारावर ठरतो आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आसपास, सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवरच्या गड्याचं, साल ठरतं तेव्हाच. मी एकट्याने वाढवला तर काय होईल ते तुम्हाला सांगायला नको. कोणी केलंय का असं? बाई-माणसाला सारखा रोज देणारं एखादं गाव आहे का खानदेशात?


पारोळेकर
१७ ऑगस्ट, रात्री १०:०५

आमना गावमा बी असंच से भो. तू वाढव, मंग आमन्या बाया बी तुनाकडेच येतीन, आम्हीन काय करानं? 😄


सडेतोड_शेतकरी
१७ ऑगस्ट, रात्री ११:२०

भाऊ राग मानू नका पण हे शहरी लोकांसारखं झालं. समानता समानता करता, आधी शेतकऱ्याला समानता आहे का ते बघा. २०२४-२५ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७५२१ होता, तुम्हाला किती मिळाला? मी खेडा खरेदीत, गावात येणाऱ्या व्यापाऱ्याला, ६८०० ला घातला कारण घरात पाय ठेवायला जागा नव्हती आणि बँकेचा माणूस दारात. खताची गोणी, बियाण्याचं पाकीट, ठिबकच्या नळ्या, ह्यातलं एक तरी आपण ठरवलेल्या भावात येतं का? दर वर्षी एकच गोष्ट आपल्या हातात असते ती म्हणजे मजुरी, ती पण वाढवून बसा.

आणि दुसरं, बायांना कमी देतो असं म्हणता पण आपली बायको तर फुकट निंदते, तिचं कोण लिहितं वहीत? माझी बायको तीस वर्षं झाली वावरात आहे, तिला मी कधी रोज दिला नाही आणि तिने पण कधी मागितला नाही.


तापीकाठ_कापूसवाला
१८ ऑगस्ट, सकाळी ६:५०

सडेतोड भाऊ तुमची भावाची गोष्ट शंभर टक्के मान्य, मला ६७५० मिळाला, तुमच्यापेक्षा कमी. पण एक सांगा, कापूस नऊ-दहा हजाराच्या वर गेला होता त्या वर्षी आपण बायांचा रोज वाढवला होता का? मी तर ट्रॅक्टरची ट्रॉली घेतली होती 🙏

शेवटची ओळ तुम्ही माझ्या विरोधात लिहिली की बाजूने ते काही कळलं नाही.


कोर्टाची_पायरी
१८ ऑगस्ट, दुपारी १:१५

जळगावला वकिली करते, म्हणून कायद्याचं तेवढं सांगते. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३९ (घ) मध्ये स्त्री-पुरुषांना समान कामाबद्दल समान वेतन असं स्पष्ट आहे. पण ते मार्गदर्शक तत्त्व, ते धरून थेट कोर्टात जाता येत नाही. मग १९७६ ला समान मोबदल्याचा कायदा आला, त्याच्या आदल्या वर्षी महिला वर्षाच्या गडबडीत अध्यादेश निघाला होता. आता २०१९ च्या वेतन संहितेत पण तेच घेतलंय. किमान वेतनाचा कायदा तर १९४८ पासून होता, तो पण आता ह्याच संहितेत आलाय, शेतमजुरी त्यात येते आणि त्याचा दर बाईला वेगळा माणसाला वेगळा नसतो. म्हणजे कागदावर तुमच्या पोरीचा हिशोब बरोबर आणि पारावरचा हिशोब चूक.

गोम कुठे आहे सांगते. कायदा म्हणतो तेच काम किंवा तशाच स्वरूपाचं काम. आता मला सांगा, एका ओळीत गडी आणि बाई शेजारी शेजारी बसून निंदताना तुम्ही शेवटचं कधी पाहिलं? निंदणी बाईची, वेचणी बाईची, रोप लावणं बाईचं. फवारणी गड्याची, औत गड्याचं, खांद्यावर केळीचा घड गड्याच्या. काम आधीच वाटून ठेवलं की मग कायदा मोडावाच लागत नाही, कोणी विचारलं तर म्हणायचं काम वेगळं आहे ना साहेब. आणि पंप पाठीवर घेणं जड आणि सहा तास उकिडवं बसून कंबर मोडणं हलकं, हे कोणी ठरवलं? मी तरी कुठल्या निवाड्यात वाचलं नाही.

तक्रारीचं म्हणाल तर कामगार खात्याचं ऑफिस जिल्ह्याला. एक रोज मोडायचा, एसटीचं भाडं घालायचं, आणि तक्रार केली हे गावात कळलं की दुसऱ्या दिवशी टोळीतून नाव कमी. एवढ्या वर्षांत माझ्याकडे शेतमजूर बाई रोजाची तक्रार घेऊन एकदाही आलेली नाही. नवऱ्याच्या मारहाणीची घेऊन येतात, जमिनीची क्वचित.

जाता जाता, रोजगार हमीचा २०२५-२६ चा दर ३१२ होता, बाई असो की माणूस. सरकारी खड्ड्यातली माती तुमच्या कापसापेक्षा महाग पडते दादा.


मजुराची_पोर
१८ ऑगस्ट, रात्री ८:३०

मी नर्सिंगला आहे धुळ्याला, होस्टेलवरून लिहितेय. माझी आई ह्याच २५० वर जाते, शिरपूरकडे. म्हणून जरा आतलं सांगते.

आईला मी हे विचारलं होतं मागे. मला वाटलं ती चिडेल, तर ती म्हणाली गडी फवारा मारतो, औषध नाकातोंडात जातं त्याच्या, त्याला जास्त नको का? म्हणजे तिनेच बाजू घेतली. मग मी विचारलं तुझी कंबर? तर म्हणे कंबर तर घरी बसून पण दुखते. आता बोला.

पण एक गोष्ट बघा, कापूस वेचायला लागला की हे सगळं उलटं होतं. वेचणी किलोवर असते. गेल्या दिवाळीत आमच्याकडे किलोला १० होता, शेवटच्या वेचणीला १२ वर गेला. काट्याला कळत नाही ना झोळी कोणाची आहे ते. आई दिवसाला चाळीस किलो काढते, दोन्ही हात चालतात तिचे, बोंडाचं टोक टोचून बोटं फाटतात म्हणून ती करंगळीजवळच्या बोटांना जुन्या साडीची चिंधी बांधते. माझे मामा एकदा गेले होते, संध्याकाळपर्यंत सतरा किलो 😂 परत नाही गेले, म्हणे बायकी काम आहे. तेव्हा आई त्यांच्या दुप्पट कमावते आणि ते बायकी काम, निंदणीला गडी दुप्पट कमावतो तर ते जड काम.

अजून एक. वेचणीला भाव बाया ठरवतात. पहाटे टेम्पो आला की टोळीची मोठी बाई पुढे होते, किती देतो, नाही तर पलीकडच्या गावाला चाललो. कापूस झाडावर राहिला आणि पाऊस आला तर शेतकऱ्याचं काय होतं ते तिला माहीत असतं. म्हणजे बायांना मागता येत नाही असं नाहीये दादा. निंदणीच्या वेळी घरात दाणे संपलेले असतात, शाळेची वह्या-पुस्तकं असतात, तेव्हा जे मिळेल त्यात जायचं. दिवाळीत मात्र गरज तुमची असते.

तुम्ही वाढवा. गावाचं गाव बघून घेईल. आई म्हणते एका वावरात मिळालं की दुसऱ्या वावरात मागायला तोंड होतं.


लळिंगचा_वाटसरू
१८ ऑगस्ट, रात्री ९:१०

चर्चा चांगली चाललीये, रोजाची. माझा प्रश्न छोटा आहे. त्या बारा बाया कोणत्या वाड्यातल्या आहेत, आणि दुपारचा चहा त्यांना कोणत्या कपात देता?

आम्ही दरवर्षी ३१ जुलैला धुळ्याजवळ लळिंगच्या लांडोर बंगल्यावर जातो, बाबासाहेब १९३७ ला तिथे मुक्कामाला होते म्हणून. ह्याच बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत उभं राहून सांगून ठेवलंय की २६ जानेवारीपासून आपण एका विसंगतीत पाऊल टाकतोय, राजकारणात एक माणूस एक मत एक मूल्य, आणि सामाजिक, आर्थिक जीवनात तेच मूल्य आपण नाकारत राहणार. घटना लिहिणाराच सांगत होता की बाबांनो हे नुसतं लिहून होणार नाही. तुमच्या पोरीने वाचलं ते पहिलं पान. कप कोणता ते लिहा, मग पुढचं बोलू.


तापीकाठ_कापूसवाला
१८ ऑगस्ट, रात्री ११:४५

दोन तास झाले मोबाईल हातात घेऊन बसलोय. खोटं लिहिता आलं असतं, इथे कोण ओळखतं मला.

गोठ्याच्या खिडकीत चार कप आहेत, कान तुटलेले दोन. माझी आई होती तोपर्यंत ते तिथेच असायचे, टोळीसाठी, धुवायचे पण त्यांनीच आणि पालथे घालून ठेवायचे पण त्यांनीच. आई गेल्यावर मी ते बंद केलं असं मी समजत होतो. बंद म्हणजे काय केलं तर कागदी कप आणायला लागलो, शंभरचं पाकीट बाजारातून, सगळ्यांना तेच. भेदभाव संपला, मला बरं वाटलं. आज तुमचं वाचून लक्षात आलं की मी आणि ते दोन गडी, ते आमच्याच भावकीतले आहेत, आम्ही शेतातल्या घरात स्टीलच्या कपात पितो. आणि ते चार कप अजून खिडकीतच आहेत, टाकले नाहीत.

बाया कोणत्या वाड्यातल्या ते तुम्हाला कळलंच असेल.


लळिंगचा_वाटसरू
१९ ऑगस्ट, सकाळी ७:१०

लिहिलंत हे चांगलं केलंत. आमच्या घरात सुद्धा कामाला येणाऱ्या भिल बाईचा ग्लास वेगळा होता, माझ्या आजीने ठेवलेला. तेव्हा मी काही वरून बोलत नाहीये.


सडेतोड_शेतकरी
१९ ऑगस्ट, सकाळी ९:३०

झालं, रोजावरून जातीवर आली गाडी. मूळ प्रश्न राहिला बाजूला.


मजुराची_पोर
१९ ऑगस्ट, सकाळी ९:४२

काका मूळ प्रश्न तोच आहे. आमच्या गल्लीतल्या बाया २५० वर का येतात आणि तुमच्या गल्लीतल्या ५०० वर पण का येत नाहीत?


निवृत्त_मास्तर
१९ ऑगस्ट, दुपारी ४:००

बहात्तरच्या दुष्काळात मी चौथीत होतो, एरंडोलच्या बाजूला. आई आणि दादा (आम्ही वडिलांना दादाच म्हणायचो) दोघं खडीच्या कामावर जायचे. खडी मोजून पैसे. ढीग रचायचा, मोजणीवाला टेप टाकायचा आणि हजेरीपटावर अंगठा, दादांचा वेगळा आणि आईचा वेगळा. सुकडी मिळायची ती आम्ही पोरं परकराच्या ओच्यात, टोपीत जमेल तशी घ्यायचो. आईच्या नावावर पैसे आले ते तिच्या आयुष्यात पहिल्यांदा आणि ते दुष्काळात आले. त्यातून तिने अर्धा किलो गूळ आणला आणि उतरंडीच्या खालून तिसऱ्या मडक्यात लपवला. दादांना दिसला. काही बोलले नाहीत, पण पुढच्या आठवड्यापासून पैसे घ्यायला तेच उभे राहायला लागले, अंगठा मात्र आईचाच.

त्याच कामांमधून पुढे रोजगार हमीचा कायदा झाला, १९७७ ला विधिमंडळात आणि १९७९ पासून लागू, वि. स. पागे यांची ती योजना. मजुरी बाई-माणसाला एकच. सगळ्या देशाला २००५ ला जे मिळालं ते आपल्याकडे तेव्हाच होतं. तरी त्याच गावात, त्याच बाया, सरकारी कामावर सारख्या आणि पाटलाच्या वावरात अर्ध्या, हे मी पन्नास वर्षं बघतोय. वकील ताईंनी ते ३१२ चं सांगितलं ना, ते वाचून हसू आलं.

कपाचं म्हणाल तर, अमळनेरच्या प्रताप हायस्कूलात मास्तरकी केलेले साने गुरुजी १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरला जाऊन उपोषणाला बसले आणि विठ्ठलाचं देऊळ सगळ्यांना खुलं झालं, हे मी दरवर्षी वर्गात शिकवायचो. आणि आमच्या गावात भंडाऱ्याची दुसरी पंगत कोणाची असते ते वर्गातल्या प्रत्येक पोराला माहीत होतं. एकदा एका पोराने विचारलं, सर दुसरी पंगत का? मी म्हटलं जागा कमी असते. पटांगण केवढं मोठं आहे ते त्याला पण दिसत होतं.


अक्राणीचा_पोऱ्या
१९ ऑगस्ट, रात्री १०:३०

तुमच्याकडे निदान बाईचा रोज वेगळा मोजतात तरी. आमच्या धडगावच्या डोंगरातून दिवाळी झाली की गाड्या भरून लोक गुजरातला ऊसतोडीला जातात. तिथे माणूस मोजत नाहीत, कोयता मोजतात. एक कोयता म्हणजे तोडणारा आणि त्याच्या जोडीला मोळ्या बांधणारी, डोक्यावर वाहणारी, कधी एखादं पोरगं पण. हिशोब कोयत्याचा. उचल घेतो नवरा, पावसाळ्यात, मुकादमाकडून. बाईचा रोज किती हा प्रश्न विचाराल तर उत्तरच नाही, तो नवऱ्याच्या आकड्यात विरघळलेला. काठी गावाच्या होळीला यायचं म्हणून मुकादमाशी भांडायचं पण नवऱ्यानेच.

खाली शहाद्या-तळोद्याला सत्तरच्या दशकात आदिवासी नेते अंबरसिंग महाराजांनी आणि श्रमिक संघटनेने सालदारांच्या रोजासाठी, बळकावलेल्या जमिनींसाठी मोर्चे काढले. आमचे आजोबा सांगायचे की बाया पुढे असायच्या, दारूची मडकी फोडायच्या. तेव्हा कुठे सालदाराला माणूस म्हणायला लागले. म्हणजे कोणाला दया आली म्हणून नाही वाढला रोज, लोक रस्त्यावर आले म्हणून वाढला. दादा तुमचं मन चांगलं आहे पण तुमच्या मनावर किती बाया पोट भरणार?

आता एक बरी गोष्ट. २००६ चा वनहक्क कायदा आहे ना, त्यात लिहूनच ठेवलंय की पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावाने. आमच्या घरी पट्टा आहे, पावणेदोन एकराचा, त्याच्यावर आईचं नाव आहे. अंगणवाडीच्या पलीकडे शाळा न बघितलेली बाई, पण जमिनीच्या कागदावर नाव. तुम्ही मैदानावरचे लोक शिकलेले, तुमच्या सातबाऱ्यावर किती बायकांची नावं आहेत ते सांगा बरं. हे कोणाला टोमणा म्हणून नाही, खरंच विचारतोय.


माहेरवाशीण_७८
२० ऑगस्ट, दुपारी २:५०

अक्राणीच्या भाऊंनी विचारलं म्हणून मी लिहिते, नाहीतर मी फक्त वाचायला येते इथे.

आपल्या महाराष्ट्रात मुलीला वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतका हक्क १९९४ पासून आहे. देशात २००५ ला आला. २०२० ला सुप्रीम कोर्टाने परत सांगितलं की वडील तेव्हा हयात असोत नसोत, जन्मानेच हक्क आहे. हे सगळं मला माहीत होतं, मी बीएड आहे, नागरिकशास्त्र शिकवते.

तीन वर्षांपूर्वी आखाजीला माहेरी गेले. वडील जाऊन वर्ष झालं होतं. निंबाच्या झाडाला दरवर्षी झोका बांधतात तसा बांधला होता, भाचीने मेंदी काढून दिली, वहिनीने खापरावरचे मांडे केले, आमरस, सगळं. दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ म्हणाला ताई गाडी काढतोय, तालुक्याला जाऊन येऊ, अर्ध्या तासाचं काम आहे. मला माहीत होतं कशाला. धाकटी बहीण पण आली होती. रजिस्ट्रारच्या ऑफिसात नंबर लागला, कॅमेऱ्यात बघा म्हणाले, मशीनवर अंगठा ठेवा म्हणाले, माझ्या अंगठ्यावर मेंदी होती तर ठसा उमटेना. दोनदा पुसला, तिसऱ्यांदा रुमालाने घासून घासून ठेवला. क्लार्क म्हणाला स्वखुशीने हक्क सोडताय ना? मी हो म्हटलं. भावाने येताना दोघींना साड्या घेतल्या, चांगल्या होत्या, पैठणी काठाच्या, तीन-तीन हजाराच्या असतील. सव्वातीन एकर बागायत केळीची जमीन, माझा हिस्सा एक एकराच्या वर.

भाऊ वाईट नाहीये. माझ्या नवऱ्याच्या आजारपणात त्यानेच धावपळ केली. आणि नाही म्हटलं असतं तर पुढच्या आखाजीला झोका कुठे बांधला असता मी? हे गणित मी तेव्हा केलं होतं आणि आज पण तेच करीन बहुतेक. पण वर्गात "मुलींना समान हक्क" हा धडा आला की मी तो पोरींना मोठ्याने वाचायला लावते, स्वतः वाचत नाही.

तापीकाठ दादा, तुमच्या मुलीला भाऊ आहे का?


तापीकाठ_कापूसवाला
२० ऑगस्ट, रात्री ९:००

आहे ताई. चौथीत आहे.


कोर्टाची_पायरी
२० ऑगस्ट, रात्री ९:४०

माहेरवाशीण ताई, स्वखुशीने ना हा प्रश्न मी रोज ऐकते. त्यावर नाही म्हणालेली बाई मी आजपर्यंत एक पाहिली, आणि तिचा भाऊ तिला ऑफिसच्या पायऱ्यांवर सोडून गाडी घेऊन निघून गेला, ती एसटीने घरी गेली.


तापीकाठ_कापूसवाला
३० ऑगस्ट, रात्री १०:१५

बरेच जण विचारत होते काय केलं, तर सांगतो. फार मोठं काही नाही, आधीच सांगून ठेवतो.

त्या दिवशी दीड एकरच झालं होतं, मग पाऊस लागला, मग पोळा आला, बाकी साडेतीन एकर तसंच पडलेलं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी टोळीच्या मावशीकडे गेलो, म्हटलं ह्या वेळी ३५० देतो. मावशी खूश होईल असं वाटलं होतं. ती उठून आधी दार लोटून आली. म्हणे भाऊ मोठ्याने बोलू नका, बाकीच्यांना कळलं तर तुम्हाला नावं ठेवतील आणि आम्हाला कामाला सांगणार नाहीत. तुमचं साडेतीन एकर, आम्हाला वर्षभर गाव आहे. मग तिनेच रस्ता काढला. उक्तं द्या म्हणाली. एकरी सांगा, किती बाया आणि किती वेळ ते विचारू नका.

दिलं उक्तं. बारा जणी आल्या, सकाळी सातलाच, आणि दोन दिवसांत साडेतीन एकर साफ, दोन्ही दिवस दुपारी तीनला मोकळ्या. हिशोब केला तर बाईला दिवसाचे ३५० च पडले, मी म्हणत होतो तेवढेच, आणि माझे वरचे गेले १४००. पारावर कोणी विचारलं तर सांगायला उक्तं आहे, रोज वाढवला असं कोणी म्हणू शकत नाही. म्हणजे मी चोरून बरोबरी केली असं समजा. आणि गड्यांचा रोज तर ५०० तसाच आहे, अर्ध्या दिवसाचा.

पैसे द्यायच्या वेळी पाच जणींनी रोख घेतले. सात जणी म्हणाल्या फोनवर टाका. एकेकीने नंबर सांगितला, नंबर टाकला की नाव येतं ना स्क्रीनवर, तर सातमधल्या सहा वेळा माणसाचं नाव आलं. नवरा, नाहीतर पोरगा. मावशीचं पण, तिचा पोरगा सुरतला असतो त्याच्या नंबरवर टाकले. मी विचारलं मावशी तुझ्या हातात कधी येणार? म्हणे दिवाळीत येईल तो. एकीचंच फक्त तिच्या स्वतःच्या नावाने आलं, ती विधवा आहे.

खिडकीतले कप काढले. फेकायला निघालो तर बायको म्हणाली दोन चांगले आहेत ते राहू द्या. आता ते घरात फडताळात आहेत, कोणाला कोणता येतो ते मी बघत नाही. पहिल्या दिवशी स्टीलच्या कपात चहा दिला तर तीन बायांनी घेतला नाही, म्हणाल्या कागदीच बरा, धुवायला नको. खरं कारण ते होतं की दुसरं काही, मला विचारता आलं नाही.

सातबाऱ्याचं अजून घरात बोललो नाही. बायकोच्या नावाचं पण नाही आणि पोरीच्या पण नाही.


सडेतोड_शेतकरी
३० ऑगस्ट, रात्री १०:५०

उक्त्यात मुळं राहतात, वरवर ओढतात, पंधरा दिवसांनी परत तण दिसेल तुम्हाला. बाकी ठीक.


मजुराची_पोर
३० ऑगस्ट, रात्री ११:०५

सातमधल्या सहा जणींचं कळलं. माझी आई पण माझ्याच नंबरवर मागवते. मी मुलगी आहे एवढाच काय तो फरक, पैसे तर मेसलाच जातात 🙈


पारोळेकर
३१ ऑगस्ट, सकाळी ६:३०

बठ्ठं वाचं भो. आमनी बी निंदणी बाकी से. उक्तं एकरी काय पडनं?


तापीकाठ_कापूसवाला
३१ ऑगस्ट, सकाळी ६:४५

२४००.


पारोळेकर
३१ ऑगस्ट, सकाळी ६:४६

चहा धरीसन?


तापीकाठ_कापूसवाला
३१ ऑगस्ट, सकाळी ६:५२

धरून.